रंगवलेली पावलं

सिंगापूरहून परत आल्यापासून खडकीतली मंडळी मला दोनच गोष्टी विचारतात. तोंडातून पाणी सोडणारा तो सिंह पाहिला का, आणि हॉटेलच्या गच्चीवरचा पोहण्याचा तलाव पाहिला का. सिंह मी बसमधून पाहिला. तलाव पाहिला नाही. सोळा दिवसांत मी जे नीट पाहिलं ते एवढंच : एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची बॉक्सिंगची रिंग आणि त्या रिंगमध्ये माझ्या मुलीचे पाय. त्याचंच हे वर्णन आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी हवी असेल त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. मी पलटणीत बॉक्सिंग शिकलो आणि पलटण सोडल्यावर खडकीच्या एका हॉलमध्ये तीस वर्षं मुलांना शिकवलं. हॉलची जमीन शहाबादी फरशीची. तिच्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटने पावलं रंगवून घेतली होती. पाच रांगा, प्रत्येक रांगेत आठ जोड्या. डावं पाऊल पुढे, उजवं मागे आणि जरा तिरकं. नवीन पोरगं आलं की त्याला एका जोडीवर उभं करायचं. पहिला महिना हात उचलायचाच नाही, फक्त पाय. कोणाचं पाऊल रंगावरून सरकलं की मी एकच शब्द ओरडायचो, "पाय!" माझा आवाज कसा होता ते रेल्वे फाटकापलीकडच्या लोकांना विचारा. चाळीस पोरं एका दमात सरळ व्हायची. तो आवाज मला फार आवडायचा, म्हणजे माझा स्वतःचा.

माझी एकुलती एक मुलगी केतकी बाराव्या वर्षी त्या हॉलमध्ये आली. ती डावरी. घरात तिच्या आईने तिला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं होतं, त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं. डावरा बॉक्सर उलटा उभा राहतो, उजवा पाय पुढे आणि डावा मागे. त्याला साउथपॉ म्हणतात. मी तिला तसं उभं राहू दिलं नाही. एक तर रांगेत एकटीच उलटी दिसली असती, जोडीच्या सरावात समोरच्याचे पाय अडकले असते. आणि दुसरं, मनाशी माझा हिशेब होता की डावा हात मुळात दणकट, तो पुढे ठेवला तर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जबरदस्त बसेल. तिला तिसऱ्या रांगेत खिडकीजवळची जोडी दिली. नऊ वर्षं ती तिथे उभी राहिली. एकविसाव्या वर्षी राज्याच्या निवडीत हरली, ग्लोव्हज माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि परत हॉलची पायरी चढली नाही. मी सगळ्यांना सांगत राहिलो, मुलींचं लक्ष उडतं.

जुरोंग ईस्ट

केतकी आणि जावई सुमेध अकरा वर्षांपूर्वी सिंगापूरला नोकरीला गेले, आता पीआर, म्हणजे तिथले कायमचे रहिवासी, आहेत. सुमेध एका बँकेत कॉम्प्युटरचं काम बघतो. केतकी हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत आहे, कुठलं जहाज कुठल्या बंदराला कधी लागणार याची जुळवाजुळव करते. नात रेवा सहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. माझी बायको आली नाही, तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिने माझ्याबरोबर मेतकूट आणि गोडा मसाला पाठवला आणि "तिथे आरडाओरडा करू नका" एवढीच सूचना दिली.

ती सूचना मी दुसऱ्याच दिवशी मोडली. जुरोंग ईस्टच्या एमआरटी, म्हणजे मेट्रो, स्टेशनवर दोन-तीन मार्ग एकत्र येतात आणि माणसांचा लोंढा या गाडीतून त्या गाडीत जातो, पण आवाज नाही. शिस्त म्हणावी तर आहे, आणि ती लावणारा कोणी दिसत नाही. मला ते जरा अपमानास्पदच वाटलं. केतकी चार पावलं पुढे गेली, मधे माणसं आली, ती दिसेना. मी हॉलमधल्या आवाजात हाक मारली, "केतकी!"

अख्खा फलाट वळून बघायला लागला. रेवाने माझा हात दाबला आणि म्हणाली, "आजोबा, डोन्ट शाउट ला. एव्हरीबडी लुकिंग."

सगळे माझ्याकडे बघत होते, मी केतकीकडे बघत होतो. ती हाक ऐकून वळली नव्हती. जिथे होती तिथेच दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिली होती. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आदळला आणि त्यानेच तिची माफी मागितली. त्या वेळी मला हसू आलं होतं.

सकाळी मी तळ्याकाठच्या बागेत फिरायला जायचो. तिथे सात वाजेपर्यंत नीट उजाडत नाही. रस्त्यावरून हातभर लांबीची घोरपड आरामात पलीकडे जाते आणि पळणारी माणसं तिच्यासाठी थांबतात. एका झाडाखाली म्हातारे चिनी स्त्री-पुरुष अगदी सावकाश हात हलवत व्यायाम करत असत. त्यातल्या एका आजोबांचे पाय मला फार जवळ वाटले. राहवेना, म्हणून खुणेने सांगितलं की जरा फाकवा. ते हसले, माझ्याजवळ आले आणि दोन्ही हातांनी माझे खांदे हळूच खाली दाबले. माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते, हे मला अडुसष्ट वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी नाश्त्याला बसलो होतो. काया टोस्ट म्हणजे नारळ आणि अंड्याच्या गोड मुरंब्याचा पाव, बरोबर अर्धकच्ची अंडी. रेवा कडेकडेने आपला टोस्ट कुरतडत होती आणि मधेच म्हणाली, "ममा, सन्डेला तू फाइट जिंकलीस तर आईस्क्रीम?"

सुमेधने चहाच्या कपात डोकं घातलं. केतकी उठून उगाचच नळ सोडून उभी राहिली.

"कसली फाइट?" मी विचारलं.

"ऑफिसांचं असतं, बाबा. देणगी गोळा करायला."

"बॉक्सिंग?"

"हो."

नळ बंद झाला तरी ती पाठमोरीच होती. मी म्हटलं, "मला तुझा हॉल दाखव." तिने हात पुसले. मग म्हणाली, "उद्या दुपारी या. पण नुसतं बघायचं."

हार्बरफ्रंट

दुपारी साडेबाराला चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडते आणि माणसं गळ्यातला टाय सोडवतच बाहेर पडतात. पन्नास मिनिटं घाम काढायचा, अंघोळ, आणि परत खुर्चीवर. आमच्याकडे पोलिसात, रेल्वेत, पलटणीत नोकरी लागावी म्हणून पोरं ठोसे खातात. इथे नोकरी लागली म्हणून खातात.

तिथला कोच नोएल. पन्नाशीचा, बुटका, नाक दोनदा तरी मोडलेलं. फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचा. चार दिवस मला जो तो अंकल म्हणत होता, नोएलने मात्र हात पुढे करून "वेलकम, कोच" म्हटलं आणि माझी छाती उगाचच दोन इंच फुगली. त्याने मला रिंगच्या कडेला स्टूल दिलं.

त्या पन्नास मिनिटांत मी अर्धं जग बघितलं. एक कझाक इंजिनियर होता, तो दोन्ही पायांवर सारखा पुढे-मागे झुलत होता, कोणी झोक्यावर बसवल्यासारखा. पुढे आला की एक फटका, परत मागे. मेक्सिकोचा एक आचारी होता, तो समोरच्याला चिकटून खांद्याला खांदा लावत होता आणि बरगडीखाली डाव्या हाताचा हूक, बाजूने वळून येणारा ठोसा, घालत होता. त्याला डोक्यावर मारण्यात रसच नव्हता. एक थायी मुलगी सगळा भार मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय हलका सोडत होती, कारण तिच्या गावच्या खेळात त्या पायाने लाथही मारायची असते. इथे रिंगमध्ये ग्लोव्हज घालूनही ती सवय सुटलेली नव्हती. आणि एक उंच इंग्रज वकीलबाई, पाठ सरळ, हनुवटी जराशी वर, डावा हात लांब पुढे. माझ्या पलटणीतल्या जुन्या उस्तादांनी जुन्या इंग्रज साहेबांकडून उचललेली पद्धत अगदी अशीच होती. म्हणजे माझीही थोडीफार तीच.

नोएल प्रत्येकासमोर ठोसे झेलायच्या गाद्या, म्हणजे पॅड, धरायला जाई तसा बदलत जाई. कझाकासमोर झुले, आचाऱ्यासमोर चिकटे.

मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही यांना एकसारखं का करत नाही? एक पद्धत, एक रांग."

"कोच," तो म्हणाला, "हा माणूस जन्मापासून असाच चालत आलाय. मला आठवड्यात तीन तास मिळतात. तीन तासांत त्याचा देश कसा बाहेर काढू?"

तेवढ्यात एक नवीन मुलगी आली, पहिलाच दिवस. नोएलने तिला पाय जुळवून भिंतीकडे तोंड करून उभं केलं, काहीतरी बोलत मागे गेला आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध हलकेच ढकललं. तोल सावरायला तिचा डावा पाय पुढे पडला. "ओके. तू अशी," नोएल म्हणाला. झालं. दोन सेकंदांत तिचं उभं राहणं ठरलं. मी तीस वर्षं ऑइलपेंटचे डबे आणत होतो.

"केतकीलाही ढकललं होतंत?" मी विचारलं.

नोएलने टॉवेलने मान पुसली. "तिला तीनदा ढकलावं लागलं. पहिल्यांदा डावा पाय पुढे आला. दुसऱ्यांदाही डावाच. पण मला ते खरं वाटेना. पडायच्या आधी ती क्षणभर विचार करत होती, आणि पडणारा माणूस विचार करत नसतो. मग मी तिला मुलीचं काहीतरी विचारलं, ती हसत सांगायला लागली, तेव्हा ढकललं. उजवा आला." त्याने टॉवेल खांद्यावर टाकला. "मग ती रडली. इथे घामात पुष्कळ लोक रडतात, कोच. मी कोणाला विचारत नाही."

केतकी हातांना बँडेज गुंडाळून रिंगमध्ये चढली. उजवा पाय पुढे टाकला, डावा मागे. नोएलने पॅड उचलले.

कसं सांगू? मी हजार पोरं पाहिली आहेत. कोणाच्या हातात जोर असतो, कोणाच्या पायात चपळाई, कोणाच्या डोक्यात हुशारी, आणि ते सगळं एकत्र आणायला आम्ही कोच झिजतो. तिचं सगळं एकत्रच होतं. उजवा हात नुसता चाचपून बघायचा, उजवं पाऊल समोरच्याच्या पावलाबाहेर सरकायचं, आणि मागून डावा हात सरळ रेषेत यायचा, कसलीच घाई नसल्यासारखा. छत्तिसाव्या वर्षी, पन्नास मिनिटांच्या जेवणाच्या सुट्टीत, माझी मुलगी सुंदर लढत होती. नऊ वर्षं तिने माझ्या हॉलमध्ये कष्ट केले, ती कधीच अशी दिसली नाही. मला वाटायचं तिच्यात तेवढंच आहे.

"तुमच्याकडे आली तेव्हा किती वर्षांची होती?" नोएलने खाली उतरल्यावर विचारलं.

"बारा."

त्याने मान हलवली आणि माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

नंतर आम्ही बापलेक शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, जेवायला गेलो. तिने माशांच्या गोळ्यांच्या नूडल्स घेतल्या. चॉपस्टिक तिने डाव्या हातात धरल्या. मी बघतोय हे तिला दिसलं.

"कधीपासून?" मी विचारलं. मला नक्की कशाबद्दल विचारायचं होतं कोण जाणे.

"दोन वर्षं झाली."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार होते?" तिने वाटीतला एक गोळा उगाच फिरवला. "बाबा, निवडीच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं, आठवतंय?"

मला लख्ख आठवत होतं. मी म्हटलं, "नाही."

"म्हटलं होतं, उद्या एकदाच मला माझ्या पायांवर लढू द्या. तुम्ही म्हणालात, चाळीस पोरं बघतायत, माझी शिस्त मोडू का?"

अशा वेळी माणसाने काय बोलावं हे पलटणीत शिकवत नाहीत. मी म्हटलं, "नूडल्स गार होतायत." जेवण झाल्यावर मी ताट तसंच टेबलावर ठेवून उठलो, तर पलीकडच्या म्हाताऱ्या बाईने बोटाने ताटं परत ठेवायची जागा दाखवली. मी मुकाट्याने जाऊन ठेवून आलो.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "रविवारी मी येऊ?"

 दोन स्टेशनं गेली. "या," ती म्हणाली. "पण एक शब्द बोलायचा नाही. टाळ्या वाजवा. शब्द नाही."

"शपथ," मी म्हटलं.

रविवार

सामने त्याच हॉलमध्ये दुपारी होते. शंभरेक घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, ऑफिसांतले लोक, त्यांची मुलं, थंड पेयं, फुगे. नोएलने मला तिसऱ्या रांगेत सुमेध आणि रेवाच्या मधे बसवलं. कोच म्हणून कॉर्नरमध्ये उभं राहायचं नव्हतं, हे ठीकच होतं. मी खिशातला रुमाल काढून मुठीत धरला.

केतकीसमोर तीच इंग्रज वकीलबाई होती. हेडगार्ड, मोठे जाड ग्लोव्हज, दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. लागण्यासारखं फारसं काही नाही. पण केतकी रिंगमध्ये चढली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला. निवडीच्या दिवशी होता तोच. गंमत म्हणून आलेल्या बाईचा तो चेहरा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी तिने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती आणि आज ती घ्यायला ती स्वतःच आली होती. मी ती घेताना बघावं, एवढ्यासाठीच तिने मला येऊ दिलं होतं. हे मला तिथे खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

पहिला राउंड तिचा. त्या बाईंचा लांब डावा हात केतकीच्या उजव्या हाताने दर वेळी बाजूला सारला आणि मागून डावा आत गेला. दुसरा राउंडही तिचाच. नोएल कॉर्नरमधून काही ओरडत नव्हता, नुसता तळहात हलवून हळू, हळू करत होता. रेवा खुर्चीवर उभी होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसत नव्हतो, कारण रुमाल मी दातांत धरला होता.

तिसऱ्या राउंडमध्ये ती दमली. साउथपॉला सगळ्यात धोका सरळ उजव्या हाताचा. तो आला, नाकावर बसला. रक्त आलं, थोडंच. केतकी एक पाऊल मागे गेली. दुसरा आला. तिचे पाय जवळ आले.

रुमाल कधी पडला मला माहीत नाही. मी उभा होतो आणि माझ्या पोटातून तो आवाज निघून गेला होता.

"पाय!"

 आणि मी पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिचे पाय फिरले. डावा पुढे, उजवा मागे आणि जरा तिरका, खिडकीजवळच्या जोडीवर बरोबर बसावेत तसे. ते फिरत असताना, दोन्ही पाय एका रेषेत असताना, तिसरा ठोसा आला आणि ती खाली बसली.

रेफ्रीने आठपर्यंत मोजलं. ती उठली. उरलेला मिनिटभर ती माझ्या पद्धतीने लढली. हनुवटी खाली, हात वर, पुढे चालत. परत फिरायचा प्रयत्न तिने दोनदा केला, मला दिसला. पाय फिरेनात. शेवटी रेफ्रीने दुसऱ्या बाईंचा हात वर केला, आणि त्या बाईंनी केतकीला मिठी मारली, लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मला तेवढं करायला सांगितलं होतं. माझे हात उचलले गेले नाहीत.

नंतर ती बाकावर बसली होती. नाकात कापूस. नोएल तिच्या हाताचं बँडेज सोडवत होता. मला बघून तो म्हणाला, "चूक माझी आहे, कोच. आमच्या गावात पोरगी लढत असताना बापाला दाराबाहेर बसवतात. मी तुम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं." असं कोणी गावात करत असेल किंवा नसेल. तो मला वाचवत होता.

मी केतकीसमोर खाली जमिनीवर बसलो. गुडघे आता बसू देत नाहीत, तरी बसलो.

"बाबा, मला तुमचा आवाज ऐकूच आला नाही," ती म्हणाली. "खरंच. मला काही ऐकू येत नव्हतं. पायांना आला."

"चुकलो मी," मी म्हटलं. "आजचं म्हणत नाहीये. सगळंच. निवडीच्या आदल्या दिवशी तू काय विचारलंस ते मला आठवत होतं. परवा जेवताना नाही म्हटलं तेव्हाही आठवत होतं."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली.  मोकळा झालेला डावा हात तिने मांडीवर ठेवला होता. मी तो धरला. बोटांच्या पेरांवर घट्टे होते, नवे, दोन वर्षांचे.

संध्याकाळी सुमेधने वरणभात लावला. रेवाने हरल्याबद्दलही आईस्क्रीम मिळतं हे सिद्ध करून मिळवलं. आम्ही चौघं जेवायला बसलो.  अर्धं जेवण झाल्यावर मला दिसलं, केतकी उजव्या हाताने जेवत होती. तिच्या ध्यानातही नव्हतं. मी सुमेधकडे बघितलं, त्यालाही दिसलं होतं. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि भात संपवला.

उरलेले दिवस चांगले गेले असं म्हणायला हवं. आम्ही समुद्रावर गेलो, तो बसमधला सिंह तेव्हाचाच. परत निघताना विमानतळावर तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिला उठवलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून नाकाची काळजी घे म्हटलं. नाक तोवर पूर्ण बरं झालं होतं.

खडकी

हॉल आता दुसरे चालवतात, पण एक किल्ली माझ्याकडे आहे. परवाच्या रविवारी सकाळी मी एकटाच गेलो. पावलं अजून आहेत. पुढच्या रांगा झिजल्या आहेत, तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची जोडी मात्र ठळक दिसते.

भिंतीवरचं राउंडचं घड्याळ तीन मिनिटांवर लावलं आणि त्या जोडीवर उलटा उभा राहिलो. उजवा पाय पुढच्या पावलावर, डावा मागच्या. रंगवलेल्या पावलांत माझे पाय नीट बसेनात, टाच बाहेर येई. हात वर घेतले. एक जॅब उजव्याने, एक फटका डाव्याने. फटका कुठे जातोय ते मलाच कळेना. कंबर अडकते, श्वास चुकतो, समोर कोणी नसताना माणूस मार खाल्ल्यासारखा होतो. खाली बघितलं तर माझे पाय परत फिरले होते. डावा पुढे, उजवा मागे. कधी फिरले ते समजलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रविवारी केतकी तिकडच्या साडेनवाला फोन करते.

"आई म्हणाली बाहेर गेलात. कुठे आहात?"

"हॉलवर. तुझ्या जोडीवर उभा होतो. उलटा. तुझ्यासारखा."

पलीकडे रेवा काहीतरी गात होती. दार लोटल्याचा आवाज आला आणि गाणं ऐकू येईनासं झालं.

"किती वेळ जमलं?"

"मिनिटभर."

"मी नऊ वर्षं उभी होते, बाबा."

ती रागावली नव्हती. मी हो म्हटलं. दोघांनीही फोन ठेवला नाही. मग भिंतीवरची तीन मिनिटं संपली आणि घंटा वाजली. तिकडे तिला ती ऐकू गेली असणार.

"घंटा झाली, बाबा," ती म्हणाली. "बसा आता."

मी तिच्या जोडीवरच खाली बसलो.